बाटलेला हौदा

"माती बाटली. उपसा सगळी."

इनामदार एवढंच बोलला. आवाज चढवला न्हाय, चाबूक उगारला न्हाय. कुस्तीच्या हौद्याच्या कडंला खुर्ची टाकली होती, तिच्यावर बसून पान चघळत बोलला.

आमचं गाव निपाणीच्या अलीकडं. आम्ही महार. जत्रेच्या कुस्त्यांसाठी लाल माती खणायची आम्ही, गाडीत भरायची आम्ही. पर एकदा का ती हौद्यात पडली, तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू मिसळलं, की ती माती त्यांची. मग तिला हात लावायचा न्हाय. पाय लावायचं तर लांबच राहिलं. त्या दिवशी मी पाय लावला.

इनामदाराचं पोरगं, सगळे त्याला धाकलं सरकार म्हणायचे, लंगोट लावून हौद्यात शड्डू ठोकत फिरत होतं. हलगीवाला वरडत होता, "हाय का कोण जोडीला? हाय का मर्द?" कोण उठंना. कसं उठणार? त्याला पाडलं तर गावात राहायचं कसं? मला तवा नुकती मिसरूड फुटलेली. ओढ्याच्या वाळूत आमच्यातल्या पोरांबरोबर कुस्त्या खेळून अंगात नुसती रग भरलेली. 'हाय का मर्द' म्हणलं, मला वाटलं, मलाबी विचारलंय. येडं कुठलं! उडी मारली हौद्यात. म्हणलं, "मी हाय."

कुस्ती लागायच्या आधी एक रीत असती. दोघांनी वाकून माती घ्यायची, एकमेकाच्या हातात द्यायची, मग हात मिळवायचा. मी मूठभर माती घेतली, हात पुढं केला. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं आणि आपला हात मांडीला पुसला. माझा हात अजून लागलाबी नव्हता. तरी पुसला.

मग माझ्या बापाला बोलावलं. बाटलेला हौदा बाटलेल्यानंच उपसायचा, असला त्यांचा न्याय. मला कडंला उकिडवं बसवलं, दोघंजण मानेवर हात देऊन उभे राहिले. आप्पा एकटा आत. खोऱ्यानं माती वढायची, बुट्टीत भरायची, डोक्यावर घ्यायची, लांब ओढ्यात नेऊन टाकायची. परत यायचं. आणि दर बुट्टीला इनामदारापुढं थांबून म्हणायचं, "पोरगं चुकलं, सरकार."

गाव बघत होतं. कोण हसत होतं, कोण शेंगा खात होतं. ताकाची माती आप्पाच्या कपाळावरनं वघळून डोळ्यात जात होती. त्यानं माझ्याकडं एकदाबी बघितलं न्हाय. मला मारलं असतं तर मी इसरलो असतो, खरंच सांगतो. मार किती खाल्लाय, त्याचं काय! पर त्यांनी मला मारलं न्हाय. माझ्या बापाला उपसायला लावलं.

दुसऱ्या दिवशी गाव सोडलं. चालत बेळगावला गेलो.

शहापूरच्या एका कोष्ट्यानं माग मोडून कुस्तीचा खेळ काढला होता. तंबू, कनात, तिकीट, बेंडबाजा. कुठल्या संस्थानचा आधार न्हाय, कुणा सावकाराचा हात डोक्यावर न्हाय. पैलवान त्याचेच, दोन वेळच्या खुराकावर ठेवलेले. आज सांबऱ्याला, उद्या बेळगुंदीला, जिथं जत्रा तिथं तंबू. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. मी त्याला माझी जात खरी सांगितली. तो म्हणला, "जात कुस्ती खेळती व्हय रं? अंगात जोर हाय न्हवं?"

मला वाटलं, देव भेटला. पुढच्याच वाक्याला देव खाली उतरला.

"पर तुझं नाव लावलं तर तंबूत कुत्रं शिरायचं न्हाय. आजपासनं तू काबूलचा दिलावर. दाढी वाढीव. तोंड उघडायचं न्हाय. नुसतं गुरकायचं."

मी गुरकलो. किती तरी वर्सं गुरकलो. डोळ्यात सुरमा घालायचा, हिरवा झगा घालून गावातनं मिरवायचं. पाटला-देसायांची पोरं माझा दंड दाबून बघायची आणि एकमेकाला सांगायची, "लोखंड हाय बघ, लोखंड!" मला आतल्या आत हसू यायचं. घरी जाऊन आंघोळ करा म्हणावं लेकांनो!

तंबूतल्या कुस्त्या ठरवलेल्या असायच्या. कुणी पडायचं, कवा पडायचं, ते अण्णा सकाळीच सांगायचा. कडंला उभा राहून तो खोकला, की पडायचं. लोकांना कळायचं, न्हाय असं न्हाय, तरी शिट्ट्या मारायचे. मीबी लई वेळा पडलोय. पडायला मला कधी लाज वाटली न्हाय. तो धंदा होता.

मग एका साली खेळ आमच्याच गावच्या जत्रेला गेला. अण्णानं मला बाजूला घेतलं. "हितं तू पडायचंस. धाकलं सरकार काबूलच्या पैलवानाला पाडणार. इनामदारानं जागा दिलीया, ती ह्याच बोलीवर."

मी म्हणलं, "दुसऱ्या कुणाखाली सांगशील तर पडतो, अण्णा. ह्याच्याखाली न्हाय. हे माझं गाव हाय."

अण्णाचं तोंड पांढरं पडलं. "आयला! मग तर तोंड शिवूनच घे. तुला वळखलं तर तंबूसकट जाळतील आपल्याला." तो माझ्या हाता-पाया पडला. मी हो म्हणलो. खरंच पडणार होतो मी. त्याचं मीठ खाल्लं होतं.

दुपारी तंबूच्या दारात आलो तर मातीचा ढीग. ढिगाला बुट्टी लावून आप्पा उभा. पाठ वाकलेली, डोळे आत गेलेले. त्यानं माझी दाढी बघितली, झगा बघितला, सुरमा बघितला. बापच तो, काय लपणार त्याच्यापासनं? वळखलं. डोळ्यानंच म्हणला, गप ऱ्हा. आणि खाली मान घातली.

तेवढ्यात इनामदार आला. आप्पाची बुट्टी त्याच्या वाटंत होती. पायानं लाथाडली. "बाजूला हो रं! पैलवानावर तुझी सावली पडंल." आणि माझ्याकडं वळून, हसत, माझ्या पाठीवर थाप मारली. "क्यों पैलवान? तय्यार?"

माझ्या पाठीवर! उघड्या हातानं! आणि मला जन्म दिलेला माणूस हातभर अंतरावर सांडलेली माती गोळा करत बसलेला. माझं डोकं भणाणलं. मी गुरकलो, कारण मला तेवढंच शिकवलं होतं. पर पडायचं न्हाय, ते तिथंच ठरलं.

हौद्यात उतरलो. धाकल्या सरकारानं माती घेतली, माझ्या हातात दिली. मी मूठभर घेतली, त्याच्या हातात दिली. त्यानं ती कपाळाला लावली. मी मनात म्हणलं, लाव. नीट लाव. कानामागं राहिली बघ, तिथंबी लाव.

कुस्ती लागली. अंगात काय नव्हतं त्याच्या, नुसतं दूध-तूप. अण्णा कडंला खोकला. मी पडलो न्हाय. अण्णा परत खोकला, घसा फाटंस्तवर खोकला. मी धाकल्या सरकाराला खाली घेतला, मानेवर गुडघा दिला आणि तोंड मातीत दाबलं. घाई केली न्हाय. खोटं कशाला बोलू, गोड वाटलं. मग घिस्सा डाव मारला. त्याची पाठ मातीला लागली. छातीवर बसून राहिलो, पंचानं वढून काढंस्तवर.

तंबू डोक्यावर घेतला लोकांनी. इनामदाराचं तोंड कडू झालं, पर चारचौघांत मोठेपणा सांभाळायला लागतोच. जिंकलेल्याला गावच्या धन्यानं फेटा बांधायचा, ही रीत. आला हौद्यात. माझ्या डोक्याला स्वतःच्या हातानं फेटा बांधला. त्याची बोटं माझ्या कपाळाला लागली, कानाला लागली, घामानं भिजली. मी सगळा फेटा बांधू दिला. शेवटचं टोक खोचू दिलं. मग कनातीकडं तोंड करून वरडलो.

"आप्पा, आत ये."

आमच्याच बोलीत. इनामदाराचा हात अजून माझ्या फेट्यावर.

"मी काबूलचा न्हाय, इनामदार. ह्याच गावच्या महारवाड्यातला. त्यो बुट्टीवाला माझा बाप. तुमी त्याच्याकडनं हौदा उपसून घेतलासा. आता परत बाटला बघा. माती उपसशीला. पोराची पाठ कशी उपसशीला? तुमचा हात कुठल्या ओढ्यात टाकशीला?"

सरकार म्हणलो न्हाय. जन्मात पहिल्यांदा.

त्यानं हात झटक्यानं मागं घेतला आणि धोतराला पुसला. बापलेकाची एकच सवय. आप्पा आत आला. हौद्याच्या कडंला खोरं पडलं होतं. त्याला वाटलं, उपसायलाच बोलावलंय. सवयीनं वाकला आणि खोरं उचललं.

"ठेव ते," मी म्हणलं. "आप्पा, खाली ठेव."

त्यानं ठेवलं.

पुढं दगड आले. तंबू फाटला. अण्णा छाती बडवत म्हणला, "माझं वाटुळं केलंस रं!" केलं, खरं हाय. आमचं खोपट त्यांनी पेटवलं. शेताशेतानं पळालो, बेळगाव गाठंस्तवर आप्पा एकच बोलला, "घर गेलं रं." मी म्हणलं, "व्हय, गेलं." समजूत काढली न्हाय. काढण्यासारखं काय नव्हतं.

तवापासनं दाढी न्हाय, काबूल न्हाय. हौद्यात उतरायच्या आधी हलगीवर माझं खरं नाव, माझ्या बापाचं नाव आणि महारवाडा, तिन्ही वरडून सांगायला लावतो. चालत असंल त्यानं माती द्यावी. न्हाय चालत त्यानं घरी जावं. लई मैदानांत मला उतरू देत न्हाईत. तिथं मी कडंला उभा राहून शड्डू ठोकतो, कुस्त्या संपंस्तवर.

आणि दर जत्रेला धाकल्या सरकाराला निरोप धाडतो. म्हणत्यात, त्यानं कुस्ती सोडली. मी सोडली न्हाय. निरोप एकच असतो. हौदा तयार ठेव. माती तू खणायची, बुट्टी तुझ्या डोक्यावर. माझा बाप खुर्चीवर बसंल. मी तुझी पाठ लावायला येतोय.