हळदीतली संगीन

लग्नात नवरदेवाच्या हातात कट्यार असते आणि तिच्या टोकाला लिंबू. माझ्या हातात महायुद्धातली संगीन होती, बंदुकीच्या नळीला लावतात ते लांब पातं. हट्ट माझाच. सत्तरच्या दशकातल्या त्या भिवंडीत माझा पगार लूमवर व्हायचा आणि जीव भंगार बाजारात असायचा. लष्करी भंगारात संगिनी मिळत, म्यानं मिळत नसत. चामड्याची ती, एकतर उंदीर खातात नाहीतर कुणीतरी चपलांना ठिगळं लावतं. या संगिनीच्या जोडीचं म्यान मी कित्येक वर्षं शोधत होतो. त्याआधी बायको सापडली.

अंगाला हळद लागली की उंबरठ्याबाहेर पाऊल नाही आणि हातातलं लोखंड खाली ठेवायचं नाही, हा आत्याचा कायदा. पिवळाधमक होऊन मी सकाळपासून पाटावर बसलो होतो. हळद खाजत होती, पण एका हातात संगीन, दुसऱ्या हातात नारळ, खाजवायचं कशानं?

दुपारी भंगारवाले चाचा आले. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"ले मियाँ, शादी का तोहफा. पूरा गोदाम उलट-पुलट कर डाला तेरे वास्ते."

म्यान! जोडीचं! मी नारळ टाकला, लिंबू उपसून चाचांच्या हातात दिलं आणि पातं आत सारलं. खट्ट करून बसलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मग बाहेर काढायला गेलो, तर निघेना. चामडं सुकून लाकूड झालेलं, त्यात पातं लिंबाच्या रसानं ओलं. मी मूठ ओढली, चाचांनी म्यान ओढलं. पाटासकट मीच पुढं सरकलो.

तेवढ्यात आत्या आली. "लिंबू कुठं हाय रं?"

चाचांनी गुपचूप तळहात उघडला.

"म्यानात झाकलेलं लोखंड भुताला दिसायचं कसं?" असं म्हणून तिनं शेजारच्या जॉबरला हाक मारली. बिघडलेले लूम ठीक करणारा हा गडी, शिफ्ट संपवून नुकताच आला होता. तो छिन्नी घेऊनच आला.

"दोन मिन्टांचं काम हाय. शिवणीवर एक घाव, की मोकळी."

"हात लावायचा न्हाय!" म्हणत मी संगीन छातीशी धरून पळालो. पळून पळून कुठवर, तर उंबरठ्यापर्यंत. मागं छिन्नी, पुढं आत्याचा कायदा. मी चौकटीत उभा. रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "अरे दूल्हे, अभी से भाग रहा है?"

शेवटी आत्यानं कनवटीचा अडकित्ता काढला आणि त्याला लिंबू खोचलं. "हा धर. आन् सुनबाईची ती सवत ठेव फळीवर."

दुसऱ्या दिवशी नवरीच्या गावी, अंबाडीला, माझं लग्न अडकित्त्यावर लागलं. "नवरदेव सुपारी कातरायला आलेत काय हो?" सासरची मंडळी विचारत होती. मला हसू येईना. आत्या गृहप्रवेशाच्या तयारीला घरीच थांबली होती, आणि जॉबरची छिन्नी एका भिंतीपलीकडे होती. मंगलाष्टकं संपता संपत नव्हती. मग जेवणाच्या पंगती, मग रुसलेल्या पाहुण्यांची समजूत. उठून जावं तर माझ्या शेल्याची गाठ नवरीच्या शालूला.

संध्याकाळी वरात घरी आली. उंबरठ्यावर तांदळाचं माप. नवरीनं ते उजव्या पायानं लवंडून आत यायचं. तिनं पाऊल उचललं आणि मला आत जॉबर दिसला. एका हातात लखलखतं पातं, दुसऱ्या हातात शेंगेसारखं उकललेलं म्यान. चेहरा असा, की बक्षीसच मागतोय.

"निघाली बघ! आत्या म्हनली, पोराला खूश करू."

"अरे माझ्या कर्मा!" म्हणून मी झेप घेतली. माप माझ्या पायानं उडालं, तांदूळ पार खाटेखाली गेले, आणि गाठीला बांधलेली नवरी चौकट धरत माझ्यामागं फरफटत आत आली.

 आत्यानं हातातलं आरतीचं ताट माझ्यापुढंच धरलं.

"घ्या!" ती म्हणाली. "आमच्याकडं नवराच नांदायला आला."