काळविटांच्या माळावर बैलगाडीतून

नांदगावच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागून मला दुसरं वर्ष चालू होतं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. शनिवारी शाळा सुटली की मी पॅसेंजरने नाशिकला घरी जायची आणि रविवारी रात्री परत. आमचं घर गंगापूर रोडला. तेव्हा तिथे मागच्या दाराने बाहेर पडलं की पेरूच्या बागा लागायच्या. त्या हिरव्याची सवय झालेल्या मला नांदगावकडचा उघडा माळ सुरुवातीला नुसता खायला उठायचा. क्षितिजापर्यंत गवत, मध्ये एखादं बाभळीचं झाड, आणि वर आभाळ. विद्यार्थ्यांना निसर्गचित्र काढायला बाहेर न्यावं तर पिवळ्या रंगाची वडी तेवढी संपायची.

एकदा परीक्षेच्या कामासाठी येवल्याला चालले होते. एसटीत खिडकीशी बसले होते. दिवाळी होऊन गेलेली, गवत वाळून सोनेरी झालेलं. अचानक त्या गवतातून काहीतरी वर उडालं आणि खाली गेलं. मग दुसरं, तिसरं. कुणीतरी गवतात बसून चेंडू फेकतंय असं वाटलं. नीट पाहिलं तर हरणं होती. उंच उंच उड्या मारत पूर्ण कळप रस्त्याला समांतर धावत होता, आणि सर्वांत मागे एक काळाभोर नर, पीळदार शिंगं पाठीकडे टेकवून. एसटीतल्या कुणी मान वळवून पाहिलं नाही. त्यांना ते रोजचंच. मी मात्र येवला येईपर्यंत काचेला नाक लावून बसले होते.

त्याच सुमारास माझा थोरला भाऊ आखाती देशातून सुट्टीवर आला. त्याने स्वतःसाठी एक जपानी कॅमेरा आणला होता आणि त्याबरोबर वीतभर लांब लेन्स. मी काळविटांची गोष्ट सांगितली तशी परत जाताना तो कॅमेरा माझ्या हातात ठेवून म्हणाला, "माझ्याकडे तो कपाटातच पडणार. तू वापर."

पुढच्या रविवारपासून मी घरी जाणं थांबवलं. सकाळच्या पहिल्या एसटीने निघून येवल्याच्या वाटेवरच्या एका फाट्यावर उतरायचं आणि चालत माळावर शिरायचं. आमच्या मुख्याध्यापकांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, काळवीट चित्रातच काढा. तिथून ते पळून जात नाही."

त्यांचं खोटं नव्हतं. माळावर आडोसा म्हणून कसलाच नाही. ती मला दिसायच्या आधीच त्यांना मी दिसलेली असायची. अख्खा कळप मान वर करून माझ्याकडे बघायचा. मी चार पावलं पुढे टाकली की एक मादी जागच्या जागी उंच उडायची आणि पाठोपाठ सगळे पसार. मी वाकून गेले, बसून गेले, एकदा तर पोटावर सरपटत गेले. कुसळी गवताची कुसळं साडीतून आत शिरून अंगभर टोचत होती. त्यानंतर मी भावाची जुनी विजार घालून जाऊ लागले. फाट्यावरची माणसं तोंडावर हात ठेवून हसायची.

एका सुट्टीत नाशिकला गेले तेव्हा तिथल्या स्टुडिओत रोल धुवायला दिला. स्टुडिओचे मालक मोठे हौशी फोटोग्राफर, पण तोंडाने फटकळ. भिंगातून निगेटिव्ह पाहत त्यांनी विचारलं, "या मुंग्या का?"

मी म्हणाले, "काळविटं आहेत."

"मग जवळ जा की!"

जवळ कसं जायचं हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

ते मला एका दुपारी आपोआप सापडलं. माळाच्या कडेला एका विहिरीजवळ बसून मी विजारीतली कुसळं उपटत होते. शेजारच्या ज्वारीच्या शेतातून एक बाई आली. पन्नाशीची, ताठ कण्याची, नऊवारीचा काचा घट्ट मारलेला. तिने न विचारता विहिरीतून पाणी शेंदून मला दिलं आणि मग विचारलं, "काय हरवलंय का बाई माळावर? दर आयतवारी धुंडत असता."

"हरणांचे फोटो काढायचेत मावशी."

"त्यांचे? आमची ज्वारी खात्यात ती. फोटो काढा आन् जाताना त्यान्लाबी घेऊन जा."

मी हसता हसता पाणी प्यायले आणि समोर बघते तर गाडीवाटेने एक बैलगाडी चालली होती. घुंगरं वाजताहेत, गाडीवान बैलांवर ओरडतोय, आणि वाटेपासून हाकेच्या अंतरावर कळप निवांत चरतोय. एकानेही मान वर केली नाही. मी तांब्या खाली ठेवला.

"मावशी, तुमच्याकडे बैलगाडी आहे?"

तिचे यजमान, ज्यांना मी पुढे काका म्हणू लागले, पहिल्यांदा तयारच होईनात. "शाळेच्या बाईला गाडीत घालून माळावर हिंडवायचं? लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या," मावशी म्हणाली. "गाडी माझ्या बापानं दिलीय. मी हाकते."

त्या दिवसापासून दर रविवारी आमचा तोच उद्योग. गाडीत कडबा रचायचा, त्यात मला बसण्यापुरती पोकळी ठेवायची आणि लेन्सचं तोंड तेवढं बाहेर. मी म्हणाले, बैलांची घुंगरं काढू या. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. रोजच्यासारखं वाटलं पाहिजे त्यान्ला." कळपाच्या अंगावर गाडी कधी घालायची नाही, एवढं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. बाजूने जायचं, थांबायचं, बैलांना वैरण टाकायची, पुन्हा थोडं पुढे. असं करत करत एके सकाळी मी इतकी जवळ होते की एका मादीच्या पापण्यांवरचं दव मला भिंगातून दिसलं. तिच्या पायाशी कानांची उघडझाप करत एक पाडस बसलं होतं. मी श्वास रोखून भिंगाला डोळा लावून बसले. मावशी हळूच म्हणाली, "श्वास घ्या बाई. मरायला नाय आलो आपण."

तेव्हापासून तिलाही छंद लागला. कडब्यावर येऊन बसलेला चंडोल, गाडीच्या चाकाखालून उठणारी तितरं, ओंजळभर अंड्यांवर बसून आमच्यावर ओरडणारी टिटवी, सगळं ती मला दाखवायची. ज्वारी खाणाऱ्या हरणांना शिव्या देणं मात्र तिने सोडलं नाही. शिव्या देत देतच ती गाडी त्यांच्याकडे न्यायची.

संक्रांत नुकतीच झाली होती. त्या रविवारी गवतावर धुक्याचा पातळ थर होता आणि सूर्य त्यातून वर येत होता. कळपाच्या मधोमध दोन काळे नर समोरासमोर उभे होते. डोकी खाली, शिंगात शिंग अडकवलेलं, पायाखालची माती उडतेय. शिंगांचा खणखणाट आमच्यापर्यंत येत होता. मी एकामागून एक फोटो घेत गेले. कॅमेऱ्यावरचा आकडा रोल संपत आल्याचं सांगत होता आणि मी स्वतःला बजावत होते, थांब, थोडे राखून ठेव.

तेवढ्यात जीपचा आवाज आला.

ती जीप गावाला माहीत होती. हिवाळ्यात एखाद्या रविवारी शहराकडून यायची, बंदुकांचे बार व्हायचे आणि मागच्या बाजूला ताडपत्रीखाली काहीतरी घालून निघून जायची. काळवीट मारायला कायद्याने बंदी आलेली होती, पण बड्या माणसांना अडवणार कोण, असं म्हणून गाव गप्प बसायचं.

आवाजासरशी दोन्ही नर सुटे झाले. सगळ्या माना वर. मग एक मादी सरळ आभाळात उडाली आणि अख्खा कळप उसळला. मी कडबा अंगावरून ढकलून गाडीत ताठ उभी राहिले. मोठा नर माझ्या समोरून गेला, चारही पाय पोटाशी, खाली धुकं, मागून ऊन. मी बटण दाबलं, लिव्हर ओढली, दाबलं, ओढली, आणि लिव्हर अडली. रोल संपला होता.

कळप पलीकडच्या माळाकडे निघाला आणि जीपही तिकडे वळली. मध्ये एक खोल ओघळ आहे. ती ओलांडायला गाडीवाटेचा एकच उतार. मावशीने एकदा जीपकडे पाहिलं, एकदा उताराकडे, आणि बैलांच्या पाठीवर कासरा आपटला. "हैक! चला रं माझ्या राजांनो!" मी गाडीत आदळले, कॅमेरा छातीशी धरला. बैल शंकरपटाच्या शर्यतीत पळावेत तसे पळाले. जीप पोचायच्या आधी आमची गाडी उतारावर आडवी उभी होती.

जीपमध्ये तिघेजण होते. पुढच्या सीटवरचा, गॉगल लावलेला, खाली उतरला. हातात बंदूक.

"ए बाई, गाडी बाजूला घे."

"बैल अडलाय साहेब. बसला की उठायचा नाय."

"अगं, उभा तर आहे!"

"उभ्यानंच अडलाय."

मागच्या सीटवरचाही आपली बंदूक घेऊन शिव्या देत उतरला आणि बैलांच्या रोखाने आला. मी पुन्हा उभी राहिले आणि ती लांब लेन्स थेट त्याच्या तोंडावर धरली. तो जागीच थांबला. त्याच्या बंदुकीच्या नळीपेक्षा माझी नळी जाड होती.

"कोण तुम्ही? काय करताय?" गॉगलवाला आता मला अहो-जाहो करू लागला होता.

"फोटो काढते," मी म्हणाले. "सकाळपासून जनावरांचे काढत होते. आता तुमचे."

मी लेन्स त्याच्याकडे वळवली, मग जीपच्या नंबराकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. दर वेळी बोट बटणावर.

"पेपरात देणार काय?"

"चांगले आले तर देईन."

मागच्याने गळ्यातला मफलर झटकन तोंडावर ओढला. ड्रायव्हरने आपण होऊनच जीप मागे घ्यायला सुरुवात केली. गॉगलवाला काही क्षण उभा राहिला, काहीतरी पुटपुटला आणि पळत जाऊन जीपमध्ये चढला. धुरळा फाट्याकडे गेला, बारीक झाला आणि दिसेनासा झाला. पलीकडच्या माळावर कळप थांबून आमच्याकडे बघत होता.

मावशीने पदराने तोंड पुसलं. "आले का सगळ्यांचे फोटो?"

"मावशी, रोल तर आधीच संपला होता."

तिला कळायला जरा वेळ लागला. कळलं तशी ती हसत सुटली. हसता हसता खाली उतरली, चाकाला टेकून बसली, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मीही तिच्याशेजारी मातीत बसले. बैल बिचारे धापा टाकत आमच्याकडे बघत होते.

रोल घेऊन मी त्याच दिवशी नाशिक गाठलं. दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या मालकांना म्हणाले, प्रिंट काढताना मला अंधाऱ्या खोलीत उभं राहू द्या. लाल दिव्याखाली ट्रेमधला पांढरा कागद डुचमळत होता. आधी शिंगांचा पीळ उमटला, मग काळी पाठ, मग पोटाशी घेतलेले पाय, आणि खाली धुकं. नर हवेत होता. त्याच्यामागे माद्या कमी-अधिक उंचीवर, कुणी चढताना, कुणी उतरताना. फटकळ मालक ट्रेवर वाकले. मग चिमट्याने कागद उचलत म्हणाले, "कोपऱ्यात हे बैलाचं शिंग आलंय. कापून टाकू."

"राहू द्या," मी म्हणाले. "ते हवंय."

घरी वडिलांनी फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला. समोर टेबलावर बुद्धाची मूर्ती होती. ते म्हणाले, "पहिलं प्रवचन ऐकायला सारनाथला असलीच हरणं बसली असतील नाही?" मग त्यांनी तो फोटो मूर्तीला टेकवून ठेवला आणि मला परत द्यायला संध्याकाळ केली.

एक मोठी प्रिंट मी गावात नेली. काकांनी ती चावडीत लावली. दोन-तीन दिवस तिथे बघणाऱ्यांची रीघ होती, आणि फोटोपेक्षा जीपची गोष्ट जास्त सांगितली जात होती. प्रत्येक सांगणाऱ्यागणिक बंदुका वाढत होत्या. पण पुढच्या हिवाळ्यात फाट्यावर तसलीच एक जीप थांबली, तेव्हा चहाच्या टपरीवरची सगळी माणसं उठून वाटेत उभी राहिली. काका सर्वांत पुढे. जीप चहा न घेताच परत गेली.

त्याच वर्षी नाशिकला छायाचित्रांचं एक प्रदर्शन भरलं आणि माझ्या काळविटाला पहिलं बक्षीस मिळालं. मी मावशी आणि काकांना एसटीने बोलावून घेतलं. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि आल्याबरोबर फोटोखाली जाऊन उभी राहिली. बघणाऱ्या प्रत्येकाला ती कोपऱ्यातलं शिंग दाखवायची. "ह्यो आमचा धाकला बैल."

माझं नाव पुकारलं तेव्हा मी तिचा हात धरून तिला व्यासपीठावर नेलं. ती नको नको म्हणत आली. पाहुण्यांनी विचारलं, एवढ्या जवळ गेलात कशा? मी माईक तिच्यापुढे धरला. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आमच्या माळावर या," ती म्हणाली. "हरणं लय हायेत. गाडीत बसवून दावते. बंदूक तेवढी घरी ठेवून या."

हॉल टाळ्यांनी दणाणला. स्टुडिओचे मालक तर खुर्चीवरून उठून उभे राहिले होते.

नंतर आम्ही तिघं मिसळ खायला गेलो. काकांनी रस्सा दोनदा मागून घेतला. मावशीने पाव बुडवत मला विचारलं, "आता पुढं काय काढायचं?"

"लांडगा काढावा म्हणते."

"त्यो गाडी बघून पळायचा नाय," ती म्हणाली. "बैलांच्या वासानं जवळच यायचा."

"मग तर बरंच झालं," मी म्हणाले, आणि काका घास तसाच हातात धरून आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले.