दुपारची गोळी

आमच्या गल्लीत त्यांना सगळे फुकटकाका म्हणत. लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून देणं हा त्यांचा व्यवसाय, आणि मोडकळीला आलेल्या यंत्रात लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम घालून देणं हा नाद. दुरुस्तीचे पैसे घेत, लिनक्सचे नाही. इथेच घोडं अडायचं. "फुकट आहे म्हणजे कुठेतरी गोम असणार," कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले. शिंप्याने तर सुचवलं, "थोडे पैसे लावा, म्हणजे विश्वास बसेल." साध्या माणसाने हे आपण होऊन वापरावं, एवढीच काकांची इच्छा. साध्या माणसाला मात्र आपण काय वापरतो हेच ठाऊक नसे. बटण दाबलं की चालू होतं, यावर तो खूश.

गोम होती, पण वेगळीच. प्रत्येक यंत्र नव्याने लावत बसायचा काकांना कंटाळा. ते आपल्या घरच्याच कॉम्प्युटरची नक्कल दुसऱ्यात उतरवत आणि मग आपल्या खाजगी गोष्टी पुसत. एक पुसायची राहून गेली. काकू रक्तदाबाची गोळी विसरत, म्हणून काकांनी स्वतःच्या आवाजात आठवण भरून ठेवली होती. त्यामुळे रोज दुपारी दवाखान्यात, शिंप्याकडे आणि झेरॉक्सवालीकडे काका विचारत, "अगं, गोळी घेतलीस का?" दवाखान्यात आ वासून बसलेली माणसं आणखी आ वासत.

"काढा हो ते," शिंपी म्हणे. "गिऱ्हाइकांना वाटतं, मीच विचारतोय."

"येतो एकदा. आलो की काढतो."

ते आले नाहीत. थंडीच्या दिवसांत झोपेतच गेले.

नंतर पहिल्यांदा दुकानं उघडली, त्या दुपारी कोणी हसलं नाही. उलट प्रथमच सगळ्यांनी नीट ऐकलं. जुन्या यंत्रांची घड्याळं थोडीथोडी मागे पडलेली. आवाज आधी दवाखान्यात आला, मग शिंप्याकडे, मग काकूंच्या घराला लागून असलेल्या झेरॉक्सवालीकडे, आणि शेवटी काकूंच्या घरात. माणूस रमतगमत घरी यावा तसा. काकू "घेतली" म्हणत, आणि गल्ली पुन्हा कामाला लागे.

मग काकांचा भाचा आला. शिकलेला आणि मायाळू, म्हणजे इलाज नाही. त्याने काकूंचा कॉम्प्युटर पुसून त्यात विकतची सिस्टिम घातली. "मामी, आता सगळ्यांसारखं झालं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आवाज झेरॉक्सवालीपर्यंत आला आणि थांबला. काकू गोळी हातात धरून दाराशी उभ्या होत्या. संध्याकाळीही ती हातातच होती. पुढेही रोज तेच. चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला.

"मामी, घे ना गं ती."

"ते शेजारी थांबलेत," काकू शांतपणे म्हणाल्या. "विचारल्याशिवाय कशी घेऊ?"

भाच्याने ठरवलं, गल्लीतली सगळीच यंत्रं साफ करायची. डॉक्टर म्हणाले, "राहू दे, हात बसलाय त्यावर." शिंपी म्हणाला, "माझी मापं आहेत त्यात."

"ती नव्यात टाकून देतो."

"नको. मापं इकडची तिकडे झाली की माणसं जाड होतात."

काकांची इच्छा पुरी झाली होती. साधी माणसं लिनक्स सोडायला तयार नव्हती. कारणं काकांच्या कुठल्याच युक्तिवादात नव्हती, एवढंच.

झेरॉक्सवालीने काम थांबवून विचारलं, "याची नक्कल काढायला कोणाची परवानगी लागते?"

"नाही लागत," भाचा जरा ओशाळून म्हणाला. "ते खुलंच असतं."

"मग माझ्यातली काढ आणि मामीच्यात घाल. आवाजासकट. लोक नकलेसाठी माझ्याकडे येतात, आज मी तुला सांगतेय."

त्याने निमूटपणे तसं केलं.

दुपारी आवाज दवाखान्यातून निघाला. शिंप्याने शिलाईयंत्र थांबवलं. झेरॉक्सवालीकडून आवाज आला आणि पुढे शांतता पसरली. काकूंचं दार सताड उघडं होतं.

"मामी, लावू का? गार वारा येतोय."

"थांब जरा."

"अगं, गोळी घेतलीस का?" खोलीतून काका म्हणाले.

काकूंनी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायल्या. "घेतली," म्हणाल्या. मग भाच्याकडे वळून म्हणाल्या, "लाव आता."