मनातलं काहीही करा

लालबागच्या मूर्तींच्या कारखान्यांसमोरून जाताना ओल्या शाडूचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. परळच्या आमच्या छोट्या शाळेत परीक्षा नव्हत्या, छडी नव्हती, शिक्षिकेला ताई म्हणायचं. मूल मोकळं वाढलं पाहिजे, असं आमच्या ताई पालकांना सांगत. दुसरीत असताना ताईंनी शाडूचे गोळे वाटले आणि म्हणाल्या, "मनातलं काहीही करा." माझे बाबा मूर्तिकार, म्हणून मी गणपती केला, सोंडेला छान वळणही दिलं. "हे तुझं नाही गं, बाबांचं बघून केलंयस," ताई मऊ आवाजात म्हणाल्या आणि हसत हसत त्यांनी तो तळहाताखाली सपाट केला. "माझ्या मनात गणपतीच आहे," असं म्हणून मी पुन्हा तोच केला. त्यांनी तोही मोडला. मग रडू दाबत मी नुसतं एक वेडंवाकडं ढेकूळ पुढे सरकवलं, तर त्यांनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. परवा हिंदमाताला साडीच्या दुकानात त्या भेटल्या. सोबतच्या बाईंना कौतुकाने म्हणाल्या, "ही आमची विद्यार्थिनी. किती मोकळं ठेवलं होतं ना गं आम्ही तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही, ताई," आणि साडी न घेताच बाहेर पडले.