दादाने मागून घेतलेलं ताट

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी काळाचौकीच्या आमच्या खोलीत आईजवळच बसलो होतो. गेली काही वर्षं तो कर्जतकडच्या एका उपचारकेंद्रात होता. लिव्हर केव्हाच संपलं होतं, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. आई रडली नाही. माझ्या हातातला फोन घेऊन तिने पलीकडच्या माणसाला एवढंच विचारलं, "काल जेवलो काय तो?" आणि पन्नाशी उलटलेल्या मला, सख्खा भाऊ गेल्यावर पहिलं वाटलं ते हे... मी गेलो असतो तर हिने हे विचारलं असतं का?

तिशीच्या आत दादाला आवाज ऐकू यायला लागले, आणि ते दाबायला तो प्यायला लागला. प्यायला की गॅलरीत उभा राहून चाळीतल्या प्रत्येकाचा उद्धार करायचा. कुणाच्या दारात लघवी, कुणाच्या कुंड्या खाली. लोक शिव्या घालत, पण चौकशी त्याचीच करत. "नंदू कसा आहे रे आता?" मी कधी कुणाच्या अंगावर धावून गेलो नाही, त्यामुळे मी कसा आहे हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. गोळ्या तो थुंकून टाकायचा. शेवटी डॉक्टरांनी थेंबांचं औषध दिलं. आई ते आमटीत घालायची, पण आई विष घालते हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तो आपलं ताट माझ्याकडे सरकवायचा. "तुझं दे. तुझ्या ताटात नाय घालायची ती काय. लाडका ना तू तिचा!" म्हणाला होता हसत. लाडका, मी?

मग आईने नामी युक्ती काढली. थेंब माझ्या ताटात. सुरमईची मधली तुकडीही माझ्या ताटात, म्हणजे त्याची नजर तिकडेच जावी. ताटं वाढून ती मुद्दाम मोरीकडे जायची, ती बघत बसली तर तो बिथरायचा. रोज माझ्या पुढ्यात घरातली सगळ्यात चांगली तुकडी यायची, आणि रोज ती माझी नसायची. मी शेपटाकडचे काटे काढत बसायचो... एकदा मी ताट दिलंच नाही. "आज नाय, दादा." तो बघत राहिला, मग गुपचूप आपल्यातलं जेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या आठवडाभर सुरमई मी खाल्ली, थेंबांसकट. ऑफिसात टेबलावर डोकं टेकून झोपायचो, आणि तरी, खोटं कशाला लिहू, पोट भरल्यासारखं वाटायचं.

शनिवारी त्याने शेजारच्या काकूंना जिन्यावरून ढकललं. त्यांचा हात मोडला. पोलीस आले, पाठोपाठ अॅम्ब्युलन्स. चाळकमिटी म्हणाली, "आता याला इथे ठेवू नका." आधी इस्पितळ, मग केंद्र; तो परत कधीच घरी राहायला आला नाही. सगळे म्हणाले, दारूने केलं. मीही मान हलवली. त्यानंतर दर रविवारी आई डबा घेऊन त्याला भेटायला जायची, आणि घरात फक्त मी उरलो तरी रविवार त्याचेच राहिले.

सुतक फिटल्यावर आईने मला मासे आणायला सांगितले. ऐंशीची झालीय, तरी जेवण तिनेच केलं. माझ्या ताटात मधली तुकडी वाढली आणि ती यावेळी उठली नाही, समोरच बसून राहिली. माझा हात पुढे होईना. ती म्हणाली, "खा रे. तेवा ही तुका व्हयी होती मा? मगे खा आता."

म्हणजे तेव्हा ती मला हवी होती, हे तिला ठाऊक होतं; पण आवाजात राग नव्हता. मी मान खाली घालून खाल्ली, काटा न् काटा चोखून. वर पाहिलं तेव्हा आई माझ्याकडे बघत नव्हती. दादा भिंतीला पाठ लावून जिथे बसायचा, तिथे डोक्याच्या तेलाचा काळपट डाग आहे. ती त्या डागाकडे बघत होती.