कडीबाईंचं चाचणीपत्र

नकाशांच्या कार्यालयात माझ्या धाकट्या जावेला सगळे कडीबाई म्हणत. दाराला कडी लावली तरी पुन्हा ओढून पाहायची तिची सवय. तिथले संगणक बाहेरच्या जगाशी थेट बोलत नसत. सगळी ये-जा मधल्या एका संगणकातून, प्रॉक्सीतून व्हायची, आणि त्याची राखण तिच्याकडे होती. सुट्टी लागली की तिथल्या वापरात नसलेल्या वाटा ती बंद करून टाकायची आणि परतल्यावर आठवणीने उघडायची.

सुट्टीनंतरच्या पहिल्याच दुपारी मी तिचा विसरलेला डबा पोचवायला गेले. नुकतेच रंगवलेले ओले नकाशे दोरीवर वाळत होते. पंख्याच्या वाऱ्याने निळे समुद्र संथ हलत होते आणि खोली झोपेत श्वास घेतल्यासारखी वाटत होती. जाऊ मात्र संगणकाच्या पडद्याकडे टक लावून बसली होती. ईमेल जोडलंच जात नव्हतं.

तिची लेक दूरच्या बंदरात संशोधनाच्या जहाजावर होती. जहाज संध्याकाळी सुटणार, ते वर्षाने परतणार. यावरून मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. शेवटी लेकीने ईमेलने कळवलं होतं, तू हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही. जावेच्या घरी ना फोन, ना इंटरनेट. नकाराचं लांबलचक पत्र जावेने लिहून बाजूला ठेवलं होतं, पण धाडायचं की नाही ते ठरत नव्हतं.

कार्यालयातले साहेब जाता जाता म्हणाले, "काय कडीबाई, आज तुम्हीच दाराबाहेर?"

मी हळूच म्हटलं, "राहू दे की गं. उत्तर गेलं नाही तर पोर आपसूक घरी येईल."

"यंत्र अडलं म्हणून ती यायला नको, ताई."

मग तिने धीराने शोध घेतला. संकेतस्थळं उघडत होती, म्हणजे प्रॉक्सी जागा होता. पत्ता बरोबर, परवलीचा शब्दही बरोबर. बराच वेळ ती वाळणाऱ्या समुद्रांकडे बघत राहिली आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. सुट्टीत कोण पत्र लिहितंय, म्हणून टपालाची, म्हणजे ईमेलची, वाट प्रॉक्सीवर तिनेच बंद केली होती, आणि सकाळी नेमकी तीच उघडायची राहिली होती.

तिने ती उघडली. आता पत्र जातंय का ते पाहायला हवं होतं. चाचणीला ती नेहमी निरर्थक काहीतरी लिहायची. या खेपेला लेकीचा पत्ता घातला, बोटं क्षणभर थांबली, मग लिहिलं, "जा. गरम कपडे घाल."

पत्र गेलं. लांबलचक पत्र तिने न वाचताच पुसलं.

डबा गार होत होता. थोड्या वेळाने उत्तर आलं, "घातलेत. तू जेवलीस का?"

ती डोळे पुसत हसली, डबा उघडला आणि जेवताना डाव्या हाताचं बोट ओल्या निळ्या समुद्रावरून, कागदाला लागू न देता, हळूहळू पुढे नेत राहिली.