काट्यावर तोललेलं विमान

लिहिण्याआधी माफी मागतो. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चूक दाखवून द्यायला घरी कुणी नाही. बाबांच्या मालकांना, म्हणजे अंकलना, माझ्याहून जास्त ओळखणारी माणसं त्यांच्या सांडोर गावात घरोघर आहेत. खरं तर त्यांनीच लिहायला हवं होतं. पण अजून कुणी लिहिलेलं नाही, म्हणून धीर करतो.

भेटायला येईल त्याला अंकल आधी काट्यावर उभं करत. सातिवलीत त्यांचा फॅब्रिकेशनचा गाळा, आणि गाळ्याच्या दाराशीच तो जुना लोखंडी वजनकाटा. पूर्वी त्यावर त्यांच्या वाडीतली केळी तोलली जात. आता नटबोल्ट, पाइप, कापड, रंगाचा डबा आणि माणसं. विमा विकायला आलेला एक गृहस्थही सुटला नाही. "अठ्ठ्याऐंशी! तुम्हाला घेऊन माझं विमान काही उडायचं नाही," अंकल म्हणाले. तो चेष्टा समजून हसला. पण गाळ्यात खरंच विमान होतं.

अल्ट्रालाइट म्हणतात त्याला. दोन माणसांचं, कापडी पंखांचं, इंजिन पाठीमागे. रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाला की अंकल थेट गाळ्यावर येत. अशा आठ वर्षांच्या रविवारांतून ते उभं राहिलं. आपल्या समुद्रापासून निघायचं आणि टप्प्याटप्प्यानं पार पूर्वेच्या समुद्रापर्यंत जायचं, एवढंच त्यांना हवं होतं. एक आसन काढून तिथं जादा पेट्रोलची टाकी बसवली. मग ग्रॅम-ग्रॅमचा हिशोब सुरू झाला. कुणी म्हणालं, "अंकल, अर्ध्या किलोनं काय होतंय?" तर ठरलेलं उत्तर यायचं, "हवेकडे वशिला चालत नाही."

स्वतःलाही त्यांनी सूट दिली नाही. साठी उलटलेला माणूस, चार महिन्यांत सात किलो उतरला. आंटी सगळ्यांदेखत म्हणायच्या, "माझ्या सांगण्यानं कधी एक पाव कमी खाल्ला नाही. या बयेसाठी बघा कसे वाळलेत!" अंकल नुसते हसत.

माझे बाबा त्यांच्याकडे वेल्डर; अंकल त्यांना मिस्त्री म्हणतात. विमानाच्या चाकांचा सांगाडा बाबांनी जोडलेला. विमानाच्या तपासणीला सरकारी साहेब आले तेव्हा त्यांनी जोडावर बोट ठेवून अंकलना काहीतरी विचारलं. अंकलना उत्तर माहीत होतं. तरी त्यांनी बाबांना हाक मारली, स्वतःची खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "काम यांचं आहे, यांना विचारा." बाबा चौथी शिकलेले. त्या दिवशी नालासोपाऱ्याला घरी आल्यावर आईला ते तीनदा म्हणाले, "बसून बोललो साहेबाशी."

पण त्याच दिवसापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मला म्हणाले, "अंकल जितक्यांदा उतरतील, तितक्यांदा सगळा भार माझ्या जोडावर. तो तुटला तर माणूस हातचा जायचा रे."

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे धावपट्टीवर गेलो. विमान सुटं करून आदल्या दिवशीच टेम्पोनं नेलं होतं. काटाही नेला होता! सांडोरच्या बायकांनी निरोपाचं गाणं म्हटलं, फादरनी आशीर्वाद दिला. अंकलनी शेवटची म्हणून सोबत न्यायची पिशवी काट्यावर ठेवली आणि त्यांचा चेहराच बदलला. काल सहा किलो भरलेली पिशवी आज दहाच्या वर गेली होती.

"कोणी काय घातलंय?"

वाटेला लावताना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, ही आमच्याकडची रीत. पिशवीतून एकेक निघायला लागलं. केळीच्या पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, चार ठिकाणांहून चार पुड्या. तीर्थाची बाटली. चर्चमधल्या माउलीची छोटी पितळी मूर्ती. लोणच्याची बरणी. आंटी म्हणाल्या, "बरणी माझी नाही हां." मला माहीत होतं, ती कुणाची. शेवटी म्हणालो, "अंकल, आमच्या आईची आहे. आणि खाली डब्यात लाडू आहेत."

क्षणभर वाटलं, ओरडतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे वर गेल्यावर कळलं असतं तर? बोललास, बरं केलंस." मग एक सुकेळं पानातून सोडवून तिथंच खाल्लं, बाकी सगळं वाटून टाकलं आणि पुन्हा स्वतः काट्यावर उभे राहिले. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते चाकांपाशी बसून जोडावरून अंगठा फिरवत होते.

विमान उडालं. पतंगाएवढं झालं, मग दिसेनासं झालं.

रोज संध्याकाळी अंकलचा आंटींना फोन यायचा, आंटींचा आम्हाला. शेवटच्या टप्प्याला मात्र सकाळी दहाला पोचायचे, ते बारा वाजले तरी बातमी नाही. गाळ्याला सुट्टी होती. बाबा गॅलरीत उभे. आईनं दोनदा वाढलं, दोनदा झाकून ठेवलं. अंकलचा फोन बंद. आंटी म्हणाल्या, "मी माळ धरून बसलेय, तुम्ही फोन मोकळा ठेवा."

दीड वाजता माझा फोन वाजला. नंबर अनोळखी. "आपके कोई अंकल हैं? बात करेंगे." आणि मागून तोच आवाज, "आंटीला सांगितलंय. आता मिस्त्रींना दे."

मी स्पीकर लावला. बाबांनी विचारलं, "कुठं आहात?"

"धावपट्टीवर गुरं होती. शेतात उतरलो, भात कापलेल्या. फोन पडून फुटला. समुद्र जवळच होता, म्हणून आधी पाय भिजवून आलो, मग ह्या भल्या माणसाचा फोन मागितला."

बाबा फोनवर वाकले. त्यांनी पुढचं विचारायच्या आधीच अंकल म्हणाले, "मिस्त्री, बांधावर जोरात आदळलो. उतरून आधी खाली वाकून बघितलं. चाकं सरळ आहेत."